आईला फोनवर काय सांगू?

पत्र

ताई, मी ३४ वर्षांची, वसईजवळच्या एका गावातली. व्रतस्थ आहे. अडीच वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं मला मिशनसाठी टोकियोला पाठवलं. निघताना चर्चमध्ये खास मिस्सा झाली, अख्खा गाव निरोपाला आला, आईनं रडत रडत सुकेळी बांधून दिली. सगळ्यांना वाटलं, मी फार मोठ्या कामाला चाललेय. मलाही तसंच वाटलं होतं.

इथे कॉन्व्हेंटमध्ये आम्ही पाच जणी. दोघी जपानी, वयस्कर. एक फिलिपिनो, एक व्हिएतनामी आणि मी. सकाळी आमच्याच बालवाडीत मदतनीस म्हणून जाते. पोरांचे बूट बदलणं, नाकं पुसणं, सांडलेला डबा आवरणं. दुपारी भाषेचा वर्ग. संध्याकाळी सायकलवरून भाजी आणि सिस्टरांची औषधं आणणं, कचरा वेगळा करणं. मधल्या पातळीची भाषेची परीक्षा दोनदा नापास झाले. आमच्या घराच्या प्रमुख, सुपिरिअर, म्हणतात, अजून एक वर्ष फक्त भाषाच करा. बालवाडीतला एक पोरगा परवा म्हणाला, सिस्टरचं जपानी 'हेन' आहे. हेन म्हणजे विचित्र.

दर रविवारी आईचा फोन येतो. तिकडचे रात्रीचे नऊ, इकडचे साडेबारा. ती विचारते, "किती माणसं आली गं देवाकडे?" मी विषय बदलते, साकुराच्या, म्हणजे इथल्या चेरीच्या बहराचे फोटो पाठवते. खरं उत्तर 'एकही नाही' हे आहे. ईस्टरला आमच्या चर्चमध्ये एका बाईंचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांच्याशी मी उभ्या आयुष्यात दोन वाक्यं बोलले असेन. ऑक्टोबरमध्ये सुट्टीवर येतेय आणि गावच्या फादरांनी मिशन रविवारी बोलायला सांगितलंय. काय बोलू? गावात मला संत समजतात आणि इथे मी घरकामाची बाई आहे. रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडते. परत यावं का? कृपा करून 'प्रार्थना करा' एवढंच सांगू नका. ती मी करतेच.

ता. क. शेजारच्या एक आजी आमच्या फाटकाला अधूनमधून पिशवी अडकवून जातात. कधी मुळा, कधी सुकवलेलं पर्सिमॉन. आपण इथे द्यायला आलोय, घ्यायला नाही, म्हणून मला संकोच वाटतो. मी ती गुपचूप स्वयंपाकघरात नेऊन ठेवते. काय करावं?

— वसईची लेक, टोकियो

उत्तर

प्रिय सिस्टर,

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही ता. क. मध्ये टाकलाय. त्याच्याकडे येतेच, पण आधी सल्ला कोण देतंय ते सांगायला हवं.

मी ख्रिस्ती नाही. ठाण्यात वाढले. आमच्या घरी कोणी 'मिशनरी' म्हटलं की माझे काका हातातला पेपर खाली ठेवायचे. म्हणजे आता वाद होणार. "किती माणसं बाटवली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आज तुमच्या आईचा प्रश्न वाचला आणि काका आठवले. आईच्या तोंडी माया आहे, काकांच्या तोंडी आरोप होता, पण दोघं मागतात तो हिशेब एकच. तुम्ही तो दोघांनाही देऊ नका. ज्या देशात शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती आहे, तिथे या वहीत काय जमा होणार हे तुमच्या संस्थेला तुम्हाला विमानात बसवतानाच माहीत होतं.

माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की नवऱ्याच्या नोकरीमुळे १९९८ ते २००७ अशी नऊ वर्षं मी टोकियोत काढली. मंदिरात नाही, चर्चमध्येही नाही. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जाळीपाशी. ते पुढे सांगते.

आधी आई. आई हे का विचारते? रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चार बायका तिला गाठतात, "काय म्हणते लेक?" आणि तिच्याकडे सांगायला काही नसतं. तुम्ही तिला साकुरा देता. साकुराचा फोटो घेऊन ती काय करणार? तो कॅलेंडरवरही असतो. तिला बूट द्या.

म्हणजे असं. "आई, आज सकाळी तीस पोरांचे बाहेरचे बूट काढून आतले घातले. इथे शाळेत रस्त्यावरचे बूट चालत नाहीत. उवाबाकी म्हणून पांढरे, पातळ बूट असतात, शुक्रवारी घरी धुवायला जातात." आई लगेच विचारेल, तीस पोरांचे सारखेच पांढरे बूट, ओळखतेस कसे? तिला सांगा, टाचेवर नाव लिहिलेलं असतं, हिरागाना लिपीत. आणि तुझ्या लेकीला आता ते वाचता येतं.

हे तुम्ही तिला अडीच वर्षांत सांगितलेलं नाही, याची मी पैज लावते. कारण तुम्हाला ते काम वाटत नाही. आईला वाटेल. तिनं स्वतः जन्मभर दुसरं काय केलंय?

आणि फोनची वेळ बदला. रात्री साडेबाराला, सकाळची बालवाडी डोक्यावर असताना, आपलं आयुष्य फुकट चाललंय असं बँकेच्या मॅनेजरलाही वाटतं. आईला सांगा, दुपारी तीनला कर. तेव्हा तुमचे साडेसहा वाजलेले असतील, पोटात काहीतरी जायची वेळ असेल, आणि आईचीही वामकुक्षी झालेली असेल.

आता तुमच्या गावच्या माणसाकडे या. संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, त्यांचा सण तुम्ही लहानपणापासून पाहत आला असाल. जन्म वसईचा, १५५६च्या सुमाराचा. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर अंत, १८६२मध्ये संतपद. पुतळ्याखाली एवढंच मावतं. मधली वर्षं तिथे कोणी लिहीत नाही, आणि तुमच्या कामाची आहेत ती मधलीच. पोरवयात ते जेझुइट संघाच्या फादरांबरोबर जपानला गेले. काही वर्षं त्यांच्या हाताखाली धर्मशिक्षणाचं काम केलं. संघात घ्या म्हणून मागणी केली, घेतलं नाही. मग व्यापारात पडले. म्हणजे मालाच्या गाठी मोजल्या, भाव केले, हुज्जत घातली असेल. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात शिरले, तेही फादर नव्हे, ब्रदर म्हणून. आणि १५९३मध्ये फिलिपिन्सहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी मंडळ निघालं तेव्हा त्यांना सोबत नेलं ते प्रवचनकार म्हणून नाही, दुभाषा म्हणून. भाषा त्यांना येत होती. पोरवयापासून कानावर पडलेली, देवाणघेवाणीत मुरलेली.

ज्यांनी नाकारलं त्यांच्यावर राग धरून ते वसईला परत आले असते तर कोणी नावं ठेवली नसती, हेही जाता जाता सांगते.

खुद्द फ्रान्सिस झेवियर यांची गोष्ट तर मला फारच धीर देणारी वाटते. त्यांना अंजिरो नावाचा जपानी माणूस भेटला, गोव्यात १५४८मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यालाच बरोबर घेऊन १५ ऑगस्ट १५४९ला झेवियर कागोशिमाला उतरले. तिथून पाठवलेल्या पत्रात ते लिहितात, की आम्ही या लोकांत पुतळ्यांसारखे आहोत. ते आमच्याविषयी पुष्कळ बोलतात आणि आम्हाला काही कळत नसल्यानं आम्ही गप्प. तुमच्या पोरानं निदान तोंडावर तरी सांगितलं, आणि तुम्हाला ते कळलं! पुढचं ऐका. देवाला जपानीत काय म्हणायचं? अंजिरोच्या सांगण्यावरून झेवियर 'दाइनिची' म्हणू लागले. ते निघालं शिंगोन पंथातल्या बुद्धाचं नाव. त्या पंथाच्या भिक्षूंना आनंद झाला, आपल्यातलाच कोणी आलाय म्हणून. घोटाळा ध्यानात आल्यावर झेवियरना आपलंच बोलणं मागे घ्यावं लागलं आणि त्यांनी सरळ लॅटिनमधला 'देउस' धरला. तुम्ही कागदावर नापास झालात, झेवियर भर रस्त्यात झाले. आज त्यांच्या दर्शनाला जुन्या गोव्यात रांगा लागतात.

उलट्या दिशेनं आलेला माणूसही आपल्या माहितीतला आहे. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून आलं ते १६१६मध्ये. मध्ये गेली ३७ वर्षं. साष्टीतल्या एखाद्या पोरानं त्यांच्या मराठीलाही हसून घेतलंच असेल की. तुमची अडीच झालीत.

म्हणून सुपिरिअर बरोबर आहेत, असं माझं मत आहे. तुम्हाला आवडणार नाही. पण 'फक्त भाषा' ही शिक्षा वाटते, कारण ती कोणाशी बोलायची हे ठरलेलं नाही. त्यांच्याकडे भाषेतून सुटका मागू नका, भाषेसाठी माणूस मागा. आठवड्यातून एकदा एका घरी जायचं, जिथे बोलायला कोणी नाही आणि ऐकायला वेळ आहे असं म्हातारं माणूस असेल. टोकियोत अशी घरं शोधावी लागत नाहीत. आणि परीक्षेच्या निकालाचा कागद नीट बघा. त्यावर भागवार मार्क असतात, आणि एकूण बेरीज पुरेशी असूनही एका भागात किमान मार्कांच्या खाली गेलात तर नापासच करतात. तुमचं वाचन अडतंय की ऐकणं, ते आधी कळू दे. मला वाटतं वाचन असणार. तीस पोरांच्या कलकलाटात ज्यांचे कान तयार झाले ते ऐकण्यात सहसा मार खात नाहीत. वाचन असेल तर मात्र कांजी, म्हणजे ती चिनी अक्षरं, घोटत बसण्यावाचून इलाज नाही.

आता कचरा.

आम्ही राहायचो एदोगावा वॉर्डात, निशी-कासाइच्या एका गल्लीत. आज तिथे भारतीयांची वस्ती आहे; आम्ही गेलो तेव्हा आपला माणूस दिसला की रस्ता ओलांडून नाव विचारायचो. मी पहिले सहा महिने काय केलं? वाटलं. शिरा केला की वाटला, चिवडा केला की वाटला. शेजारी हसून घेत, वाकून आभार मानत, आणि दोन दिवसांत त्याच्या दुप्पट किमतीचा बिस्किटांचा डबा कागदात बांधून दारात हजर. ओकाएशी म्हणतात, परतभेट. फिटंफाट. दार बंद. मला कळेचना, एवढं देऊनही ओळख का होत नाही.

जून आला, तुमच्याकडे 'त्सुयु' म्हणतात तो चिकचिकीत पावसाळा. उएनोच्या आमेयोको बाजारातून नारळ आणला होता. खोवून झाला आणि करवंट्या हातात घेऊन मी ओट्याशी उभी. ही जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्या? आमच्याकडे करवंटी बंबात जायची, म्हणजे जळणारी. इथवर ठीक. पण त्याच पिशवीत लेकीचं मोडकं खेळणंही टाकलं. प्लास्टिक त्या काळी न जळणाऱ्यात जाई. नंतर नियम बदलले. सकाळी आठच्या आत पिशवी कोपऱ्यावर, कावळ्यांनी फाडू नये म्हणून घातलेल्या जाळीखाली ठेवून आले. दुपारी बघते तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटी तिथेच, वर कागद चिकटवलेला. मला अक्षर वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती.

पिशवी पदराआड, म्हणजे रेनकोटाआड लपवून घरी नेत होते, तेवढ्यात समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या. मान लववण्यापलीकडे ओळख नाही. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, छत्री खांद्यात अडकवून तिथेच उकिडव्या बसल्या, गाठ सोडली आणि एकेक वस्तू उचलून मला दाखवू लागल्या. मोएरु. मोएनाइ. मोएरु. जळतं, जळत नाही, जळतं. मी मागून म्हणत होते, बालवाडीतल्या पोरासारखी. करवंटी हाताला लागली तशा थांबल्या. उलटीसुलटी केली, वास घेतला, नखानं टकटक वाजवून पाहिली. मग काहीतरी विचारलं. बहुधा, ही मी नेऊ का? दहा दिवसांनी परत घेऊन आल्या. बाहेरून शेंड्या काढून घासलेली, गुळगुळीत, आत माती, आणि मातीत कसलंसं बारीक हिरवं गवत.

त्या करवंटीसाठी मी त्यांना ओकाएशी दिली नाही. त्यांना ती नकोच होती. त्या रोज यायला लागल्या. मी भाषा शिकले ती त्यांच्याकडून, आणि वर्गातल्या बाई म्हणायच्या, तुमचं जपानी म्हाताऱ्या बायकांसारखं आहे. तुमचं 'हेन', माझं म्हातारं.

सिस्टर, त्या बाईंसाठी मी काय चांगलं केलं होतं? सहा महिने वाटलेला शिरा वाया गेला आणि चुकीच्या दिवशी टाकलेला कचरा कामी आला. आता तुमची ता. क. पुन्हा वाचा. 'आपण इथे द्यायला आलोय, घ्यायला नाही.' हे वाक्य तुम्हाला कोणी शिकवलं असेल त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण याच वाक्यानं तुम्हाला एकटं पाडलंय. जो फक्त देतो त्याला शेजारी मिळत नाहीत, लाभार्थी मिळतात. आणि टोकियोत तर लाभार्थीही मिळत नाहीत. त्या शहराला तुमच्याकडून काही कमी नाही. साबण आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे, देवही आहेत. तुम्हीच तिथे गरजू आहात. ते दिसू द्या.

आजी पिशवी अडकवून जातात, बेल वाजवत नाहीत. का असेल? मला वाटतं, त्याही बिचकत असतील. परक्या धर्माचं घर, त्यात परक्या देशाची बाई, बोलायचं काय? म्हणून मुळा पुढे केलाय. तो तुम्ही गुपचूप आत नेता आणि त्यांना कधीच कळत नाही की तो शिजला, खारवला की फेकला. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर का होईना घालतात. पण त्याआधी वाटी आलीय हे कबूल तरी करावं लागतं! पुढच्या वेळी मुळा हातात धरून त्यांच्या दारी जा आणि विचारा, याचं करू काय? खरंच विचारा. तुमच्याकडच्या मुळ्याच्या दुप्पट लांबीचा असतो तो, आणि वयस्कर सिस्टरना विचारलंत तरी चालेल, पण त्यांना विचारू नका. आजींना विचारा.

पर्सिमॉनबद्दल तर बोलायला एक दुपार पुरणार नाही. होशीगाकी म्हणतात त्याला. तुरट जातीची फळं सोलून, देठाला दोरी बांधून, पागोळीखाली गार वाऱ्यात टांगतात. मधूनमधून बोटांनी चेपावी लागतात. काही आठवड्यांनी अंगावर पांढरी साखर धरते. आता मला सांगा, वसईच्या मुलीला हे ऐकून काय आठवायला हवं? राजेळी केळी, उन्हातली सुकेळी, वाळल्या पानात बांधलेली. हे तुम्ही आजींना अजून सांगितलेलं नाही. त्यासाठी मधल्या पातळीची परीक्षाही लागत नाही. 'केळं', 'ऊन', 'आई' एवढे तीन शब्द पुरतात, बाकी हातवारे.

एक मात्र स्पष्ट सांगते, आणि इथे माझ्यातले काका बोलतायत असं समजा. आजींना चर्चमध्ये आणता येईल का, हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. बालवाडीच्या नाताळच्या नाटकाला बोलवायचं तर जरूर बोलवा, सगळ्या आळीला बोलावतात तसं. मेंढरू झालेल्या पोराला मध्येच शू लागते ते पाहायला कोणालाही आवडतं. पण मुळ्याच्या बदल्यात देव नको. त्यांना वास लगेच येईल, आणि तुम्हालाही रात्री तो नळ पुन्हा सोडावा लागेल.

नळाबद्दल. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल, तर सुपिरिअरना सांगून डॉक्टरकडे जा. लपवू नका. श्रद्धा कमी पडल्याचा यात काही संबंध नाही; दात दुखला तर जाताच ना? तसं नसेल, नुसतं रविवार रात्रीपुरतं असेल, तर फोनची वेळ बदलून बघा आणि फिलिपिनो सिस्टरना एकदा विचारा, तुम्ही कुठला नळ सोडता? पाच जणींच्या घरात एकटीच रडते आहे असं मला तरी वाटत नाही.

बोलायला मराठी हवी असेल तर टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. रविवारची मिस्सा सांभाळून परवानगी काढा आणि एकदा जा. तुमची वसईकडची कादोडी बोली तिथे बहुधा कोणाला यायची नाही, पण 'अगं बाई' म्हणणारं कोणी भेटेल. सिस्टर म्हणून नाही, भुकेलं माणूस म्हणून जा. मोदक खायला तुमच्या सुपिरिअरची हरकत असेल तर ते मला कळवू नका.

परत यावं का? ऑक्टोबरच्या आधी ठरवू नका, आणि ऑक्टोबरमध्ये गावी असतानाही ठरवू नका. गावात आईच्या हातचं खाऊन कोणालाही परत जावंसं वाटत नाही. टोकियोला पोचून, बॅग रिकामी करून, आजींना भेटून मग स्वतःला विचारा. तेव्हाही 'परत' असं उत्तर आलं तर या. त्यात हार नाही, आणि तुमच्या संस्थेत असं परत आलेल्या तुम्ही पहिल्या नसणार.

राहिला मिशन रविवार. पाच मिनिटांच्या वर बोलू नका. सुरुवातच अशी करा, की अडीच वर्षांत माझ्यामुळे एकही माणूस ख्रिस्ती झालेलं नाही. चर्चमध्ये खोकल्याचासुद्धा आवाज येणार नाही, बघा. मग बूट सांगा, टाचेवरची नावं सांगा, हेन सांगा. पोरं हसतील. मोठ्यांपैकी कोणी नंतर आवारात गाठून म्हणालंच, की मग एवढ्या लांब जाऊन उपयोग काय, तर त्यांना नागासाकीच्या ओउरा चर्चची गोष्ट सांगा. १६१४मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, फादर हाकलले, मारले गेले. १७ मार्च १८६५ला उराकामी गावची काही माणसं त्या नव्या चर्चमध्ये आली आणि फ्रेंच फादर पतीजाँ यांना हळूच म्हणाली, आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. दोनशेहून जास्त वर्षं एकाही फादरावाचून, घरातल्या घरात, आजीकडून नातवाकडे हे चालत आलं होतं. बंदी उठायला तर १८७३ उजाडावं लागलं. ती दोनशे वर्षं कोणत्या मिशनरीच्या वहीत मांडायची, ते विचारणाऱ्यालाच विचारा.

आई पहिल्या बाकावर बसलेली असेल. तिला आधी घरी सगळं सांगून ठेवा, 'एकही नाही' सकट. तिथे माईकवरून पहिल्यांदा ऐकायला लावू नका.

आणि निघताना सुकेळीच्या दोन पुड्या जास्त बांधून घ्या. आजींकडे न्याल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, फुरोशिकीत म्हणजे त्यांच्या त्या चौकोनी रुमालात बांधून न्या. दोन्ही हातांनी पुढे करून 'त्सुमारानाइ मोनो देसु गा' म्हणायचं, क्षुल्लकच आहे पण घ्या. त्या घाईघाईनं ओकाएशीच्या तयारीला लागतील. तेव्हा सांगा, परतभेट आधीच पोचलीय, पर्सिमॉन खाल्ली मी. रंग बघून त्या जरा दचकतील, सुकेळी दिसायला काळपटच. तुकडा तोडून आधी तुम्ही खा. आणि आत बी नसते हे सांगायला विसरू नका, त्या वयात दातांची फार धास्ती असते.

तुमची,
ताई